क्षमा शिकायला गेले तेव्हा

आमच्या सोसायटीच्या दिवाळी अंकात माझं प्रवासवर्णन असतंच. हिमाचल झालं, केरळ झालं, एकदा तर बालीसुद्धा झालं. लोक जिन्यात भेटले की "काकू, मस्त लिहिलंय" म्हणतात, आणि कुठलं आवडलं विचारलं की त्यांना एकदम घरची कामं आठवतात. यंदा मात्र अंकवाल्यांची माझ्याकडे लेख मागायची छाती झाली नाही. मीच फोन करून सांगितलं, देते म्हणून. प्रवास केलाय मी. त्याला ना बुकिंग लागलं, ना स्वेटर. टिटवाळा, कल्याण आणि ठाणे, एवढाच. तुम्ही सगळे या गावांना हजारदा गेला असाल, पण मी ज्यासाठी गेले त्यासाठी जायची वेळ तुमच्यावर आलेली नसावी, आणि येऊ नये.

गाडीचं वर्णन करत नाही. ज्याला हवं त्याने सकाळी डोंबिवली स्टेशनात उभं राहून स्वतः घ्यावं.

डोंबिवली

आधी कारण सांगते. माझा मुलगा मंदार घोडबंदर रोडवरच्या एका ऑफिसात होता. मागच्या वर्षी भर दुपारी चहाला म्हणून खाली उतरला आणि रस्ता ओलांडताना एका गाडीखाली आला. गाडी चालवणारा एल्विन नावाचा मुलगा, मंदारपेक्षा सात-आठ वर्षांनी लहान. तो मोबाईल बघत होता. हे मी म्हणत नाही, त्यानेच पोलिसांना सांगितलं. तो पळाला नाही, खोटं बोलला नाही, वकिलाने शिकवलं तेही बोलला नाही. पळाला असता तर फार बरं झालं असतं. पळपुट्याचा राग करणं सोपं असतं.

आमच्या घरात या रागाची वाटणी नीट झाली नाही. सगळा माझ्याच वाट्याला आला. हे, म्हणजे माझे यजमान, तिसऱ्या महिन्यातच शांत झाले. पूर्वीपासून ते गीतेच्या वर्गाला जातात. एका संध्याकाळी तिथून आले, चहा घेतला आणि म्हणाले, "मी त्या मुलाला माफ केलं गं." लाईटबिल भरून आल्यासारखं सांगितलं. मी कप उचलला आणि आत गेले. त्या दिवसापासून आम्ही एकाच घरात दोन वेगवेगळ्या गावांत राहतो.

शेजारच्या हंसाबेन जैन आहेत. त्यांच्याकडे पर्युषण संपलं की दारोदार जाऊन क्षमा मागतात, 'मिच्छामि दुक्कडम्'. वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल तर माफ करा. दरवर्षी त्या माझ्याही दारात हात जोडून उभ्या राहतात, आणि मी "अहो, तुम्ही कसलं दुखावताय" म्हणून त्यांना खाकरा खायला आत बोलावते. मागच्या वर्षी त्या म्हणाल्या, "भाभी, माफ केलं की करणाऱ्याचं ओझं उतरतं." असेल. पण मला सकाळी उठवतं तेच ओझं. पूर्वी डोळे उघडले की भाजी कोणती आणि मंदारच्या डब्याला काय, एवढ्यावर माझा दिवस उभा राहायचा. जीवनाचं प्रयोजन वगैरे जे म्हणतात ते माझ्याकडे तेवढंच होतं. आता एल्विन आठवतो, संताप येतो, आणि त्या संतापाच्या जोरावर मी दात घासते. तोही काढून घेतला तर अंथरुणातून उठायचं कशासाठी, हे मला कोणीतरी सांगायला हवं होतं.

अशात फेब्रुवारीच्या शेवटी फोन आला.

"मी एल्विनची आई बोलतंय, फिलोमिना. फोन ठेवू नका हां, ताई."

मी ठेवणारच होते, पण 'ताई' ऐकून थांबले. ती ठाण्याची, पिढ्यान्‌पिढ्यांची. तिथल्या जुन्या गावठाणातली ख्रिस्ती मंडळी आपल्यापेक्षा जुनं मराठी बोलतात. तिने जे सांगितलं ते असं. एल्विनने त्यांच्या रीतीप्रमाणे कुमसार केला, म्हणजे फादरपुढे गुडघे टेकून पाप कबूल केलं. फादरनी देवाच्या नावाने त्याला क्षमाही दिली. पण तरी हा मुलगा रविवारी कम्युनियन घ्यायला उठत नाही. सगळं देऊळ रांगेत पुढे जातं, प्रसाद घेऊन येतं, हा बाकावर बसून राहतो. चर्चला ती देऊळच म्हणत होती.

"फादरने माफी दिली ना त्याला?" मी विचारलं. "मग झालं की. फादर कोण देणारे, हा प्रश्न वेगळा."

"तोच तो बोलतो, ताई. बोलतो, जिचा पोरगा गेला तिने नाय दिली, मंग मी देवाच्या ताटावर कसा जाऊ? आता उपासाचे दिवस चाललेत आमचे. ईस्टरच्या आधी एकदा याल का? माफ करा असा नाय बोलत मी. ते कुठल्या तोंडाने बोलू? नुसत्या या."

मी बघते म्हणाले. आपल्याकडे 'बघते' म्हणजे नाही. पण फोन ठेवल्यावर मी खरोखरच बघायला लागले. माफ करता येतं का, कसं करतात, आणि केल्यावर माणूस मागे काय म्हणून उरतो.

टिटवाळा

सुरुवात घरच्या देवापासून करावी म्हणून एका मंगळवारी ह्यांच्याबरोबर टिटवाळ्याला गेले. स्टेशनपासून देवळापर्यंत पूर्वी शेतं दिसायची. आता नव्या इमारती उभ्या आहेत आणि प्रत्येकीवर 'निसर्गाच्या सान्निध्यात' लिहिलंय. निसर्ग म्हणजे एक ओळ अशोकाची आणि दोन म्हशी.

दर्शन बरं झालं. ह्यांनी अथर्वशीर्ष म्हटलं, मी दूर्वा वाहिल्या. बाजूला एका जोडप्याची पूजा संपत आली होती. आपल्याकडे पूजेच्या शेवटी देवाची क्षमा मागतात, मंत्र चुकला असेल, विधी कमी पडला असेल तर सांभाळून घे म्हणून. मी पुष्कळ वर्षं मागत आले आहे, हळद कमी पडली म्हणूनसुद्धा मागितली आहे. गुरुजी मोकळे झाले तेव्हा विचारलं, "माणूस मेला असेल तर काय म्हणायचं असतं?"

त्यांना वाटलं मी श्राद्धाचं विचारते. "कोण गेलं?" म्हणाले. मी सांगितलं. ते चांगले गृहस्थ होते, त्यांनी हातातलं ताम्हन खाली ठेवलं. मग म्हणाले, "मारणाऱ्याला प्रायश्चित्त आहे, आजी. आईला काय सांगू?" आणि माझ्या हातावर जास्तीचा एक मोदक ठेवला.

बाहेर आलो तर ह्यांच्या चपला गायब. देवळातून चपला गेल्या की पीडा गेली, असं आपण समजतो. हारवाली तेच म्हणाली, "बरं झालं बाबा, साडेसाती घेऊन गेला चोर." हे हसले आणि अनवाणीच चालू लागले. मला मात्र चीड आली. देवाला पीडाच न्यायची होती तर चपलांवर का भागवली?

तळ्याच्या काठावर बसलो तेव्हा विषय निघालाच.

"अगं, प्रत्येकाचं प्रारब्ध असतं," हे म्हणाले. "तो मुलगा निमित्तमात्र."

"प्रारब्ध कोणाचं?"

"जाणाऱ्याचं. मागच्या जन्मीचं काही देणं..."

"म्हणजे चूक मंदारची," मी म्हणाले. "मोबाईल बघणारा निमित्त, आणि माझा मुलगा आरोपी. तुम्ही त्या मुलाला माफ केलंत ते खरं, पण त्यासाठी पाप उचलून मंदारच्या पदरात टाकलंत."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, डोळे वाहत होते. लग्नाला चाळीस वर्षं होत आली, ह्यांना रडताना मी स्मशानातही पाहिलं नव्हतं. "मग मी काय करू सुलभा?" ते म्हणाले. "कशाला तरी धरून बसायला नको का? तू रागाला धरलंस, मी ह्याला." मी बोलले ते खरं होतं, पण बोलायला नको होतं. तळ्यात कुणीतरी निर्माल्याची पिशवी सोडली होती, ती बुडत नव्हती.

परतताना मी ह्यांना दुकानातून रबरी स्लिपर घेऊन दिल्या. एक नंबर मोठ्या होत्या, फटक फटक वाजत होत्या.

कल्याण

नजमा माझी टेलिफोन खात्यातली मैत्रीण. तिचं माहेर-सासर दोन्ही कल्याणचं, जुन्या कोकणी मुसलमान घरांतलं, खाडीच्या बाजूला. रिटायर झाल्यावर आम्ही वर्षातून एकदा भेटतो आणि बाकी वर्ष फोनवर भांडतो. तिच्याकडे जाताना मी एकटीच गेले. ह्यांना म्हणाले, तुम्ही गुडघे शेका.

नजमाचे रोजे चालू होते. यंदा त्यांचे रोजे आणि ख्रिस्ती लोकांचे उपास एकत्रच आले होते. तरी मला उपाशी ठेवीना. "तू मुसाफिर, तुला माफ आहे," म्हणत तिने माझ्यापुढे तांदळाची भाकरी आणि तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं ठेवलं आणि स्वतः पाण्याचा घोटही न घेता समोर बसली. तोंडात पाणी न घेता दुसऱ्याला वाढणं आपल्याकडे एकादशीलाही बायका करतात, पण आपण त्याचं तोंडाने वर्णनही करतो. ही काही बोलली नाही.

माझं सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "हे बघ, आमच्यात दोन खाती. अल्लाचा जो हक्क तुम्ही बुडवता, नमाज, रोजा, ते तो माफ करतो, त्याची मर्जी. पण माणसाचा हक्क मारला तर तो माणूसच माफ करू शकतो. अल्ला त्यात मध्ये पडत नाही."

"मग माणूसच गेला असेल तर?"

"तर त्याचे वारस. म्हणजे तू."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"नाही म्हण. तो तुझा हक्क आहे. कयामतच्या दिवशी तू उभी राहून सांगू शकतेस. माफ केलंस तर मोठं सवाब आहे, पुण्य आहे, पण जबरदस्ती कोणी नाही करू शकत."

इतक्या महिन्यांत माझ्या रागाला पहिल्यांदा कोणी पाट मांडला होता. मी भाकरी खाली ठेवली. बरं वाटेल असं वाटलं होतं. पण मग डोक्यात आलं, कयामत जेव्हा यायची तेव्हा येईल, मी उभी राहीन, सांगेन, त्या मुलाला शिक्षा होईल. आणि मंदार? तो तिथे असेल तर त्याला डब्याचं विचारायचं की फिर्याद सांगायची?

"नजमा, आपण जगतो कशासाठी गं?"

"इम्तिहान आहे," ती म्हणाली. मग मैत्रिणीच्या आवाजात, "असं आम्हाला सांगतात. तुझा पेपर फार कठीण काढलाय, सुलभा. मला पण नाही सुटला असता."

रोजा सोडायच्या वेळेपर्यंत मी थांबले. बांग झाली, तिने खजूर तोंडात टाकला आणि पहिला घोट घेतला. तिच्या चेहऱ्यावर जे उतरलं ते पाहून मला तिचा हेवा वाटला. तिच्या दिवसाला शेवट होता.

ठाणे

ईस्टरच्या आधीच्या एका रविवारी मी ठाण्याला गेले. का गेले? विचारलंत तर नीट सांगता येणार नाही. फिलोमिनाला मी कळवलं होतं, पण बजावलं होतं की मुलाला सांगू नका. मी नुसतं बघणार. तो बाकावर बसून राहतो म्हणे, ते मला बघायचं होतं. खरं सांगायचं तर ते बघून मला थोडा आनंद होईल अशी आशा होती.

तलावापासून आत वळलं की गावठाण लागतं. मोठ्या टॉवरांच्या बुडाशी बसकी कौलारू घरं, अंगणात क्रूस, क्रूसावर झेंडूचा हार. दोरीवर सुकत टाकलेले बोंबील. फिलोमिना देवळाच्या दाराशीच उभी होती, माझ्याएवढीच, जाडसर, इस्त्रीची साडी. आम्ही एकमेकींना कोर्टात लांबून पाहिलं होतं. मी पायरीशी चपला काढायला वाकले. ती म्हणाली, "चपला घालूनच या. आमच्यात चालतं." मला ते काही जमलं नाही. मी काढूनच आत गेले.

तिने मला शेजारी बसवलं. एल्विन दोन बाकं पुढे, कडेला बसला होता. पाठमोरा होता तरी मी ओळखला. मान बारीक झाली होती.

मिस्सा, म्हणजे त्यांची रविवारची उपासना, मराठीत होता. सुरुवातीलाच सगळे उभे राहिले आणि छातीवर मूठ आपटत म्हणाले की आम्ही विचाराने, शब्दाने, कृतीने पाप केलं, आणि जे करायला हवं होतं ते न करूनही केलं. चांगले कपडे घातलेली, सेंट लावलेली माणसं, हातात लहान मुलं, आणि सगळी एका सुरात गुन्हा कबूल करताहेत. आपल्याकडे पाप माणूस एकट्याने गंगेत सोडतो, चारचौघांत त्याची वाच्यता करत नाही. मला ते आवडलं, उगाच नाही म्हणणार नाही. फादर तरुण होते. येशूने क्रूसावरून मारेकऱ्यांनाही माफ केलं असं सांगत होते. मी मनात म्हटलं, ते त्याने केलं. शेजारी त्याची आई उभी होती ना? तिला विचारलं का कोणी?

पुढे काय चाललंय ते मला कळेनासं झालं. उठा, बसा, गुडघे टेका. मी फिलोमिनाकडे बघून करत होते, परक्या लग्नात पाहुणे करतात तसं. मग फादर काहीतरी म्हणाले आणि एकदम सगळं देऊळ हललं. माणसं वळून एकमेकांना नमस्कार करायला लागली. शेजारच्या बाईने मला हात जोडले. मी जोडले. मागच्या म्हाताऱ्यांनी जोडले, मी वळून त्यांनाही जोडले. कुणी नमस्कार केला आणि आपण केला नाही, असं माझ्या आयुष्यात झालेलं नाही. पुढच्या बाकावरची मुलगी वळली, तिलाही केला. आणि तिच्या पलीकडून एल्विन वळला.

त्याने मला पाहिलं. चेहऱ्यावरचं रक्त उतरलं म्हणतात ते मी पाहिलं. त्याने हळूहळू हात जोडले. माझे जोडलेलेच होते.

एवढंच झालं. मग तो पुढे वळला, फादर परत बोलायला लागले, आणि थोड्या वेळाने रांग लागली. माणसं बाकांतून निघून पुढे जायला लागली. फिलोमिनाने माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की बांगडी रुतली.

"गेला," ती म्हणाली. "बगा, गेला तो."

एल्विन रांगेत उभा होता.

"ते मघाशी... ते कशासाठी असतं?" मी विचारलं.

"शांती देतात," तिने डोळे पुसत सांगितलं. "ताटावर जायच्या आधी भांडण मिटवाला लागतं ना. एकमेकाला माफ केलं, मनात काय नाय, असा सांगायचा. तुमी त्याला दिली."

मी काही दिलं नव्हतं. चार माणसं नमस्कार करत होती म्हणून मी केला होता. आईने लहानपणी लावलेलं वळण होतं ते. आत सगळं होतं तसंच होतं, संताप आपल्या जागेवर बसलेला होता आणि मला विचारत होता की हे काय चाललंय.

अंगणात एल्विन माझ्यासमोर येऊन वाकला. "थँक यू आंटी," एवढंच म्हणाला. माझ्या ओठांवर आलं होतं, पोरा, तुझा गैरसमज झालाय. मी बोलले नाही. तो मोठेपणा नव्हता. त्या क्षणी तो सव्वीस वर्षांचा न दिसता दहा वर्षांचा दिसत होता, आणि दहा वर्षांच्या पोराच्या तोंडातला घास काढायला माझी जीभ उचलली नाही. पण माफ? नाही. आजही नाही. त्याला मिळाली ती क्षमा मी दिलेली नाही. कुणी दिली ते मला ठाऊक नाही.

फिलोमिनाने जेवल्याशिवाय सोडलं नाही. बाटली मसाल्यातलं सुरमईचं कालवण होतं, भात, भाकरी, आणि लिंबाचं लोणचं. बाटली मसाला त्यांच्या बायका वर्षाचा एकदाच कुटतात आणि बाटल्यांत दाबून भरतात. आपल्या मालवणीपेक्षा सौम्य, पण वास मागे राहतो. मी दोन घास खाल्ले. समोर एल्विन बसला होता. आधी बोटं नुसती भातात फिरवत होता. मग खायला लागला. मग भाकरी मागितली. मग परत कालवण मागितलं, आणि मान खाली घालून वाटी चाटूनपुसून संपवली.

फिलोमिना वाढायची थांबून त्याच्याकडे बघत होती. "वर्ष झाला," ती मला हळूच म्हणाली, "असा जेवला नव्हता तो." आणि पदर तोंडाला लावला. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. तापातून उठलेल्या मंदारने पहिल्यांदा वरणभात मागितला की माझाही चेहरा तसाच होत असे.

तिने मला रिक्षापर्यंत सोडलं, डब्यात कालवण दिलं, देव तुमाला शांती देवो म्हणाली. रिक्षा वळली आणि मला असं रडू फुटलं की रिक्षावाल्याने गाडी कडेला घेतली.

तिला तिचा मुलगा परत मिळाला होता. त्या जेवणाच्या टेबलावर, माझ्या डोळ्यांदेखत. आणि तेव्हा मला कळलं की मीसुद्धा तेवढ्यासाठीच हिंडत होते. क्षमा शिकायला नाही, जगण्याचं कारण शोधायला नाही. टिटवाळ्याला दूर्वा वाहताना, नजमापुढे भाकरी मोडताना, त्या देवळात उठाबशा काढताना, मला आत कुठेतरी वाटत होतं की यांच्यापैकी कुठला तरी देव दार उघडेल आणि म्हणेल, चूक झाली आमची, हा घ्या तुमचा मंदार.